थॅडियस स्टीव्हन्स

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, त्यांची नावे अर्पणपत्रिकेत नाहीत. ती असती, तर थॅडियस स्टीव्हन्स हे नाव वगळणे कठीण होते.

व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल येथे ४ एप्रिल १७९२ रोजी त्याचा जन्म झाला. पाय जन्मतः वाकडा. बाप घर सोडून गेलेला. आईने काबाडकष्ट करून मुलांना वाढविले. १८१४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाची पदवी घेतल्यावर पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे त्याने वकिली मांडली. तेथील एक खटला चरित्रकारांना अडचणीत टाकतो. १८२१ मध्ये चॅरिटी बटलर या कृष्णवर्णीय स्त्रीने स्वातंत्र्याचा दावा लावला, तेव्हा स्टीव्हन्स उभा राहिला तो मालकाच्या बाजूने, आणि जिंकलाही. त्याच्या मनात पुढे काय घडले, हा तर्काचा विषय आहे. परंतु नंतर पळून आलेल्या गुलामांचा कैवार घेणारा वकील म्हणूनच त्याची ख्याती झाली.

राज्याच्या विधिमंडळात १८३५ साली मोफत शाळांचा कायदा रद्द होऊ घातला होता. तो मुख्यतः त्याच्या भाषणामुळे वाचला. १८३८ च्या राज्यघटनेने मताधिकार गोऱ्यांपुरता ठेवला, म्हणून तिच्यावर सही करण्यास त्याने नकार दिला.

काँग्रेसमध्ये तो १८४९ ते १८५३ आणि पुन्हा १८५९ पासून मृत्यूपर्यंत होता. यादवी युद्धात अर्थसमितीची धुरा त्याने वाहिली. १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला. युद्धानंतर चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी तो झटला. ती त्याच्या मते अपुरीच होती, तरी त्याने ती स्वीकारली. बड्या बंडखोर जमीनदारांच्या जमिनी जप्त करून मुक्त गुलामांच्या कुटुंबांना चाळीस एकर द्यावेत, ही त्याची योजना मात्र स्वपक्षीयांनीही उचलून धरली नाही. माझ्या मते त्याची खरी दूरदृष्टी येथेच दिसते: जमिनीवाचून मिळालेला मताधिकार टिकणार नाही, हे त्याने ओळखले होते.

१८६८ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोगाच्या वेळी तो इतका क्षीण झाला होता, की त्याला खुर्चीत बसवून सभागृहात आणावे लागे. सिनेटमध्ये महाभियोग एका मताने फसला. ११ ऑगस्ट रोजी स्टीव्हन्स वारला. लँकेस्टरमधील ज्या दफनभूमीत वर्णभेद पाळला जात नव्हता, ती त्याने स्वतःच निवडली होती, आणि त्या निवडीचे कारणही थडग्यावर कोरवून घेतले.