डॉक्टर जॉर्ज बर्कबेक : कारागिरांचे गुरू

लहान मुलास शिकविणे व मोठ्या माणसास शिकविणे ही दोन निराळी कामे आहेत. मुलाच्या पाठीशी संसार नसतो, आणि त्याचा सारा दिवस शाळेचा असतो. चाळिशीतला लोहार किंवा सुतार शिकावयास बसतो, तेव्हा त्याच्या अंगात दिवसभराचा शीण असतो व डोक्यात घरखर्चाची विवंचना असते. शिवाय आपले अज्ञान चारचौघांत उघडे पडेल हे भयही मनात असते. परंतु त्याच्यापाशी एक असे धन असते की जे मुलापाशी नसते. ते म्हणजे वीस वर्षे हाताळलेल्या वस्तूंचे ज्ञान. ह्या धनाची किंमत ओळखून त्यावरच ज्यांनी शिक्षणाची इमारत उभारली, त्या डॉक्टर जॉर्ज बर्कबेक ह्यांचे चरित्र आज आम्ही आमच्या वाचकांस सादर करितो.

बर्कबेक ह्यांचा जन्म इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्कशायर प्रांती, सेटल नावाच्या गावी, ता. १० जानेवारी १७७६ रोजी झाला. घराणे क्वेकर पंथाचे व सुखवस्तू होते. वडिलांचा व्यापार व पेढी होती. त्या काळी सरकारी चर्चबाहेरच्या लोकांस ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदव्या मिळत नसत. अशा घराण्यांतील हुशार मुले बहुधा स्कॉटलंडची वाट धरीत. बर्कबेकही एडिंबरो येथे वैद्यकी शिकले व १७९९ साली पदवी घेऊन डॉक्टर झाले. पुढे मोठा वक्ता व मुत्सद्दी म्हणून गाजलेले हेन्री ब्रूम ह्यांच्याशी त्यांचा स्नेह येथेच जुळला. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, ग्लासगो शहरातील अँडर्सन संस्थेत पदार्थविज्ञानाचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

ह्या संस्थेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ग्लासगो विद्यापीठात जॉन अँडर्सन नावाचे एक अध्यापक होते. विद्यापीठातील एक नादुरुस्त वाफेच्या यंत्राचा नमुना त्यांनी जेम्स वॉट ह्या तरुण कारागिरास दुरुस्तीसाठी दिला होता, आणि त्या दुरुस्तीच्या विचारातूनच वॉटने वाफेच्या यंत्रात पुढे केवढी क्रांती घडविली हे प्रसिद्धच आहे. विद्यार्थ्यांचा झगा न घालणाऱ्या कामकरी लोकांसही अँडर्सनसाहेब आपल्या एका वर्गात येऊ देत. १७९६ साली ते वारले, तेव्हा आपल्या मृत्युपत्राने त्यांनी एक नवी शिक्षणसंस्था स्थापन करविली. बर्कबेक ज्या खुर्चीवर येऊन बसले तिच्याभोवती असे वातावरण होते.

अध्यापकास प्रयोग करून दाखविण्यास उपकरणे पाहिजेत. परंतु ग्लासगोत शास्त्रीय उपकरणे करणारे कोणी मिळेना. सबब बर्कबेक स्वतःच कारागिरांच्या दुकानी जाऊन, आपणास काय पाहिजे ते समजावून, वस्तू करवून घेऊ लागले. एकदा गरगर फिरून पाणी वर उचलणाऱ्या पंपाचा एक नमुना करवून घेण्यासाठी ते एका पत्रेकाम करणाऱ्याच्या दुकानी गेले. काम चालू असता भोवतालचे कामगार हातातले काम टाकून जवळ आले व त्या नमुन्याकडे टक लावून पाहू लागले. हे यंत्र काय करिते, पाणी वर का चढते, असे प्रश्न ते विचारू लागले. त्या वस्तूचा एकेक भाग ज्यांच्या हातून तयार होत होता, त्यांसच तिचे मर्म ठाऊक नव्हते. ते सांगण्याची तसदी कोणी घेतलीच नव्हती. डॉक्टरसाहेबांच्या मनास ही गोष्ट लागली. ह्या लोकांस जिज्ञासा आहे, बुद्धी आहे. उणीव आहे ती शिकविणाऱ्याची, हे त्यांनी त्या दुकानात जाणले.

मग त्यांनी संस्थेच्या चालकांपुढे सूचना मांडिली की, कामकरी लोकांसाठी एक वर्ग विनामूल्य काढावा. चालकांनी ती हसण्यावारी नेली. असे लोक बोलाविले तरी येणार नाहीत, आले तरी ऐकणार नाहीत, आणि ऐकले तरी त्यांस समजणार नाही, अशी त्या काळच्या पुष्कळ शहाण्या लोकांची समजूत होती. बर्कबेक ह्यांनी वादविवाद वाढविला नाही; पण सूचनाही सोडली नाही. पुढल्या हिवाळ्यात, १८०० साली, त्यांनी वर्ग सुरू केलाच. पहिल्या व्याख्यानास ७५ माणसे आली. दुसऱ्यास २००, तिसऱ्यास ३०० व चौथ्यास ५०० माणसे जमली. शहाण्यांच्या तिन्ही शंकांस ह्या चार आकड्यांनी उत्तर दिले.

हे यश कशाने आले, हे नीट पाहण्याजोगे आहे. पहिली गोष्ट वेळेची. वर्ग शनिवारी संध्याकाळी, आठवड्याचे काम संपल्यावर भरे. शिकण्यासाठी कोणास मजुरी बुडवावी लागत नसे. दुसरी गोष्ट विषयाची. घन व प्रवाही पदार्थांचे यांत्रिक गुणधर्म हा विषय त्यांनी निवडिला, म्हणजे त्या कामगारांच्या हाताखालून रोज जाणाऱ्या गोष्टीच घेतल्या. तिसरी गोष्ट रीतीची. तत्त्व सांगितले की लगेच प्रयोग दाखवावयाचा, आणि दाखला ओळखीच्या कामातला द्यावयाचा. चौथी गोष्ट भाषेची. साध्या शब्दाने भागत असता जड शब्द वापरावयाचा नाही, असा त्यांचा कटाक्ष असे.

कामाचे कारण कळल्याने कारागिरास काय लाभ होतो, हे त्या पंपावरूनच आमच्या वाचकांच्या ध्यानी येईल. अशा पंपाच्या पोटात पाती असलेले एक चाक असते. ते वेगाने फिरले म्हणजे आतील पाणी कडेकडे फेकले जाते व मध्यभागी दाब कमी होतो. विहिरीतील पाण्यावर बाहेरील हवेचा दाब असतोच. तो पाण्यास नळीतून वर ढकलितो. जो केवळ पाना फिरविण्यास शिकला आहे तो, पंप पाणी उचलीनासा झाला म्हणजे, सारे यंत्र उलगडीत बसतो. ज्यास कारण ठाऊक आहे तो आधी पाहतो की पंपात पाणी भरले आहे की नाही, आणि खेचणाऱ्या नळीच्या सांध्यातून हवा तर आत शिरत नाही ना. दोघांचेही हात तितकेच कसबी असतील. पण दुसऱ्याचा दिवस वाचतो व गिऱ्हाइकाचा पैसा वाचतो.

१८०४ साली बर्कबेक ह्यांनी ग्लासगो सोडिले. त्यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू यूर ह्यांनी कारागिरांचा वर्ग पुढे चालविला. बर्कबेक लंडनास जाऊन वैद्यकी करू लागले व त्या धंद्यात त्यांचा चांगला जम बसला. जवळजवळ वीस वर्षे अशी गेली. परंतु ग्लासगोत पेरलेले बी मेले नव्हते. १८२३ साली तेथील कारागिरांनी मूळ संस्थेपासून निराळे होऊन स्वतःची संस्था काढिली. त्याच वर्षी लंडनमधील कारागिरांसाठी निघालेल्या एका साप्ताहिकात, अशीच संस्था लंडनातही व्हावी, अशी सूचना प्रसिद्ध झाली. तिचे लेखक जे. सी. रॉबर्टसन व टॉमस हॉजस्किन हे होते. बर्कबेक तत्काळ पुढे आले. ता. ११ नोव्हेंबर १८२३ रोजी स्ट्रँड रस्त्यावरील एका मोठ्या खाणावळीच्या दिवाणखान्यात सभा भरली. सुमारे दोन हजार लोक जमले. डिसेंबर महिन्यात लंडन मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन ही संस्था स्थापन झाली व बर्कबेक तिचे अध्यक्ष झाले.

संस्था कोणाची, हा प्रश्न आरंभीच उभा राहिला. रॉबर्टसन व हॉजस्किन ह्यांचे म्हणणे असे की, कामगारांनी स्वतःच्या पैशानेच ती चालवावी, म्हणजे धनिकांचे मिंधेपण येणार नाही. इतर म्हणत की, मोठ्या देणग्यांवाचून इमारत, ग्रंथालय व उपकरणे होणार कोठून? अखेर देणग्या घेण्यात आल्या. पण कार्यकारी मंडळातील दोनतृतीयांश सभासद कामकरी वर्गाचेच असावेत असा नियम ठरला, आणि सभासदांकडून वर्गणीही घेण्यात येऊ लागली. व्याख्यानगृह बांधण्यास पैसा अपुरा पडला, तेव्हा बर्कबेक ह्यांनी पदरचे ३,७०० पौंड कर्जाऊ दिले. १८२५ साली ते गृह उघडले. त्या काळचा हा फार मोठा पैसा होय, आणि तो परत येईलच अशी खात्री नसता त्यांनी तो घातला.

विरोधही थोडा झाला नाही. कामगार शिकले तर ते मालकाचे ऐकणार नाहीत, राज्य डळमळेल, अशी ओरड काही वर्तमानपत्रांनी केली. तरी संस्था वाढत गेली. १८३० साली स्त्रियांसही प्रवेश देण्यात आला. त्या काळी इंग्लंडात ही मोठीच गोष्ट होती. इंग्लंड व स्कॉटलंड ह्यांतील अनेक गावांत, तसेच दूर ऑस्ट्रेलियातही अशा संस्था निघाल्या. १८५१ च्या सुमारास एकट्या इंग्लंडात त्यांची संख्या सहाशेंवर गेली होती. आमच्या मुंबईसही ही लाट पोहोचली. १८४७ साली तेथील टाकसाळीतील व सरकारी गोदीतील तरुण मेकॅनिक व फोरमन ह्यांनी मिळून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट स्थापिली. तिच्यासाठी पुढे सासून घराण्याच्या साहाय्याने काळा घोडा भागात जी दगडी इमारत १८७० साली पुरी झाली, तीच आजची डेव्हिड सासून लायब्ररी होय.

परंतु चरित्रकाराने केवळ यशच सांगावे हे योग्य नव्हे. ह्या संस्थांपैकी बहुतेकींत काही वर्षांनी असे दिसून आले की, बाकांवर कामकऱ्यांची संख्या घटत आहे व कारकून आणि दुकानदार ह्यांची वाढत आहे. त्याची कारणे उघड होती. वर्गणी गरिबास जड जाई. कित्येकांस धड वाचता येत नसे व हिशेब करता येत नसे. मग रसायनशास्त्रावरील व्याख्यान त्यांच्या डोक्यावरून जाई. व्याख्याने एकमेकांशी जुळणारी नसत. आज एक विषय, उद्या दुसरा. मनुष्य ऐके, टाळ्या वाजवी, आणि सोमवारी कारखान्यात जाऊन जुन्याच रीतीने काम करी. ज्या ठिकाणी अंकगणित, भूमिती व रेखाकाम ह्यांचे लहान वर्ग नेमाने चालत, आणि शिष्यास स्वतः पाटी व पेन्सिल हाती घ्यावी लागे, त्या ठिकाणी खरे शिक्षण होई. ग्लासगोच्या दुकानात आरंभ कामगाराच्या प्रश्नापासून झाला होता. पुष्कळ संस्थांत तो व्याख्यात्याच्या आवडीपासून होऊ लागला, आणि तेथेच गाडी रुळावरून घसरली.

बर्कबेक ह्यांनी मात्र अखेरपर्यंत कार्य सोडिले नाही. लंडन येथे सर्व पंथांच्या विद्यार्थ्यांस खुले असे नवे विद्यापीठ निघाले, त्याच्या संस्थापनेतही त्यांनी भाग घेतला. वर्तमानपत्रांवरील कर गरिबाच्या वाचनाआड येतो म्हणून तो उठविण्याच्या चळवळीतही ते होते. संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे मरेपर्यंत राहिले. ता. १ डिसेंबर १८४१ रोजी लंडन येथे ते वयाच्या पासष्टाव्या वर्षी निवर्तले. १८६६ साली त्यांच्या संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले व १९२० साली ती लंडन विद्यापीठात सामील झाली. दिवसा काम करून संध्याकाळी शिकणाऱ्यांचे विद्यालय म्हणूनच तिची कीर्ती झाली आहे.

वाचकहो, हे चरित्र वाचून आपण काय घ्यावे? आपल्या गावात कोणी मोटारदुरुस्तीचा, विजेच्या कामाचा किंवा शिवणयंत्राचा वर्ग मोठ्या माणसांसाठी काढू इच्छील, तर त्याने आधी पुस्तक उघडू नये. प्रथम जे शिकणार आहेत त्यांच्या कामाच्या जागी जाऊन उभे राहावे, ते काय करितात ते पाहावे, आणि ते कोठे अडतात ते विचारावे. त्या अडणुकींची यादी झाली म्हणजे अभ्यासक्रम निम्मा तयार झाला असे समजावे. मग ज्याची वेळ शिकणाऱ्यास सोयीची, ज्याची फी त्याच्या आवाक्यातली, ज्याची भाषा त्याच्या घरची, आणि ज्यात प्रत्येक तासाला त्याच्या हातास काम आहे, असा वर्ग आखावा. हिशेब कच्चा असेल तर लाज न वाटू देता तोही बरोबर शिकवावा. वर्ग चालविण्यात शिकणाऱ्यांसच भागीदार करावे. आणि वर्ग संपल्यावर महिन्याने पुन्हा त्यांच्या कामाच्या जागी जाऊन पाहावे की हाताची रीत बदलली की नाही. कारण शिकविणाऱ्याची परीक्षा खरोखर तेथेच होते.

बोलाविले तर येणार नाहीत आणि आले तर त्यांस समजणार नाही, असे कामकरी मनुष्याविषयी बोलणारे लोक आजही भेटतात. त्यांस ग्लासगोच्या त्या चार शनिवारांचे आकडे सांगावेत.