बर्थाबाई बेंझ

मोटारगाडीचे जनक म्हणून कार्ल बेंझ यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या गाडीच्या चाकांना आवर कसा घालावा, हे भर रस्त्यात ज्यांनी शोधून काढले, त्या त्यांच्या पत्नीची ओळख फारच थोड्यांना आहे.

बर्था रिंगर यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्ट्सहाइम येथे एका सुखवस्तू घराण्यात झाला. विवाह ठरला तेव्हा भावी पतीचा कारखाना भागीदाराशी न पटल्यामुळे बुडण्याच्या बेतात होता. बर्थाबाईंनी आपल्या हुंड्याची रक्कम लग्नापूर्वीच मागून घेतली आणि तिच्यातून त्या भागीदाराचा हिस्सा सोडवून घेतला. १८७२ साली लग्न झाले. पुढची वर्षे ओढगस्तीची गेली. २९ जानेवारी १८८६ रोजी तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज झाला खरा, पण गिऱ्हाईक फिरकेना. कार्ल हाडाचे संशोधक. सुधारणांतून त्यांचे डोके वर निघत नसे. गाडी खपली नाही, तर हुंडा गेला आणि संसारही गेला, हे बाईंना स्पष्ट दिसत होते.

ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे पती निद्रिस्त असता, पंधरा वर्षांचा यूजेन व तेरा वर्षांचा रिखार्ड या पुत्रांसह त्यांनी मानहाइमहून माहेरची वाट धरली. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक! इतका लांबचा प्रवास मोटारीने त्यापूर्वी कोणीच केला नव्हता.

वाटेत इंधन संपत आले, तेव्हा वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचे डाग काढण्याचे द्रव्य विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या टाचणीने मोकळी केली. तारेचे वेष्टन झिजले, तेथे मोजाबंद गुंडाळला. साखळी सैल पडली, ती लोहाराकडून नीट करविली. चढ आला की मुलांनी खाली उतरून गाडी ढकलावी.

खरी कसोटी मात्र उतारावर होती. चढावर गाडी अडली तर वेळ जातो. उतारावर ती आवरली नाही तर जीव जातो. त्या गाडीचा ब्रेक म्हणजे दांडा ओढताच चाकावर दाबले जाणारे लाकडी ठोकळे. घर्षणाने ते झिजत चालले आणि ब्रेकची पकड सुटू लागली. दोष दांड्यात नसून ठोकळ्याच्या घासणाऱ्या तोंडाशी आहे, हे बर्थाबाईंनी ओळखले. बाउश्लॉट गावी जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. चामडे चाकाला घट्ट पकडते, लाकडाऐवजी स्वतः झिजते आणि झिजले की बदलता येते. ब्रेकच्या अस्तराचा जन्म तो हाच, असे मानले जाते.

आजच्या मोटारीत चामड्याच्या जागी अन्य मिश्रणे आली. तपासण्याची रीत फारशी बदललेली नाही. ब्रेक दाबताच पायाखाली थरथर जाणवली, तर चाकाबरोबर फिरणारी तबकडी असमान झिजली आहे काय, हे पाहावे. ब्रेक सोडूनही एखादे चाक जड फिरत असेल आणि इतरांपेक्षा अधिक तापत असेल, तर अस्तर मागे सरकत नाही, कोठेतरी गंजून वा कोरडे पडून अडकले आहे, असे समजावे. मात्र गाडी सपाट जागी उभी करून, इतर चाकांना अडसर लावल्यावाचून चाक उचलू नये. आणि तापलेल्या तबकडीला बोट लावण्याची हौस कोणी करू नये!

संध्याकाळी माहेरी पोहोचल्यावर बर्थाबाईंनी पतीस तार केली. परतल्यावर त्यांच्या सूचनेवरून चढासाठी गाडीत आणखी एक गिअर बसविण्यात आला. त्याच वर्षी म्यूनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळाले आणि हळूहळू मागणी येऊ लागली.

१९२९ साली कार्ल निवर्तले. बर्थाबाईंना दीर्घायुष्य लाभले. ५ मे १९४४ रोजी, पंचाण्णवाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, लाडेनबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. मानहाइम ते फोर्ट्सहाइम या त्यांच्या मार्गावर २००८ सालापासून त्यांच्या नावाच्या पाट्या लागल्या आहेत.