ठिणगीचा कारागीर : रॉबर्ट बॉश

उरण-द्रोणागिरीचा पट्टा समुद्र आणि खाडी यांच्या कुशीतला. इथल्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळा लागला की जुन्या मोटारसायकली हटकून रुसतात. किक मारून पाय दुखतो, पण इंजिन दाद देत नाही. गॅरेजमध्ये नेल्यावर निदान होते ते प्लगपर्यंत करंट येत नसल्याचे. बुलेट, राजदूत, येझदी चालविणाऱ्या पिढीतील अनेक जण म्हणूनच टूलबॉक्समध्ये प्लगपाना आणि एक जादा प्लग बाळगीत. त्या प्लगवर बहुधा मायको हे नाव असे. मायकोच्या या प्लगची वंशावळ जर्मनीतील श्टुटगार्टमधल्या एका छोट्या कारखान्याशी जाऊन भिडते. त्याचे संस्थापक होते रॉबर्ट बॉश.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा, उल्म शहरानजीकच्या आल्बेक गावातला. बारा भावंडांत ते अकरावे. वडील शेती आणि खानावळ सांभाळीत. शालेय शिक्षणानंतर रॉबर्ट यांनी उल्ममध्ये सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी केली आणि मग गावोगावच्या कारखान्यांत हात साफ केला. १८८४ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. तेथे त्यांनी एडिसनच्या कारखान्यात काम केले, तर परतीच्या वाटेवर इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे. अखेर १५ नोव्हेंबर १८८६ रोजी श्टुटगार्टमध्ये एक कारागीर आणि एक हरकाम्या पोऱ्या यांच्या सोबतीने त्यांनी स्वतःचे वर्कशॉप थाटले. टेलिफोन, विजेच्या घंटा, जे मिळेल ते काम ते करीत. सुरुवातीची वर्षे ओढगस्तीची होती. ग्राहकांकडे ते सायकलवरून जात, ही गोष्ट त्या काळी गावात चर्चेची ठरली.

इंजिनात पेट्रोलच्या वाफेला नेमक्या क्षणी पेटवायचे कसे, हा त्या काळच्या मोटार-संशोधकांना छळणारा प्रश्न. कार्ल बेन्झ यांनाही सर्व अडचणींत तीच सर्वांत बिकट वाटे. १८८७ मध्ये एका ग्राहकाच्या मागणीवरून बॉश यांनी स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाच्या साह्याने ठिणगीपुरती वीज निर्माण करणारे यंत्र, बनविले. डॉइट्झच्या कारखान्यातील तशा यंत्रावर पेटंट नसल्याची त्यांनी आधी खात्री करून घेतली होती. कल्पना त्यांची नव्हती. सफाईदार, भरवशाचे काम मात्र त्यांचे होते. बॉश यांना महान संशोधक म्हणणे म्हणूनच थोडे अतिशयोक्त ठरेल. योग्य माणूस हेरणे आणि कामात तडजोड न करणे, हे त्यांचे खरे बळ.

१८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स यांनी द दिआँ-बुताँ कंपनीच्या तीनचाकी मोटारगाडीला मॅग्नेटो बसवून मागितला. तिचे इंजिन मिनिटाला सुमारे १,८०० फेरे घेई, तर बॉशचा मॅग्नेटो ६०० च्या आसपासच दमत असे. कारखान्यातील आर्नोल्ड झेरिंगर यांनी जड आर्मेचर स्थिर ठेवून त्याभोवती हलकी धातूची नळी हलविण्याची युक्ती काढली आणि मॅग्नेटो रस्त्यावरच्या वाहनात आला. तरीही सिलिंडरच्या आत हलणारे, सतत झिजणारे संपर्क उरलेच होते. त्यावर तोडगा काढला बॉश यांचेच जुने उमेदवार गॉटलोब होनोल्ड यांनी. मॅग्नेटोत दुसरे, पुष्कळ वेढ्यांचे वाइंडिंग घालून त्यांनी उच्च दाबाची वीज मिळविली आणि ती वायरने प्लगच्या दोन स्थिर टोकांपर्यंत नेली. जानेवारी १९०२ मध्ये त्याचे पेटंट झाले.

जुनी मोटारसायकल बिघडते तेव्हा मेकॅनिक जे शोधतो, ते याच रचनेतले कच्चे दुवे. हजारो व्होल्टची ही वीज बाहेर पडायला वाट शोधत असते. प्लग काढून पाहिला आणि टोक फिकट तपकिरी असले तर ज्वलन ठीक. काळी काजळी धरली असेल तर मिश्रण गडद किंवा ठिणगी दुबळी. पांढरेफटक पडले असेल तर इंजिन तापते आहे. प्लग कॅपला जोडून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून किक मारावी; निळसर, ठसठशीत ठिणगी हवी. पिवळट, अशक्त दिसली तर आधी कॅप आणि वायर तपासावी. वायरला चीर गेली असेल तर अंधारात बाहेरच ठिणगी उडताना दिसते. गाडी थंड असताना सुरू होते, तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालते, तर संशय कॉइलवर किंवा कंडेन्सरवर. ही तपासणी करताना पेट्रोल दूर ठेवावे आणि वायरला हात लावू नये, हे वेगळे सांगायला नकोच. जुन्या गाड्यांतील बॅटरी-कॉइलची पद्धत मात्र अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांच्या कामातून रुळली. बॉशने ती १९२५ मध्ये बाजारात आणली.

धंदा वाढला तसा मालकाचा स्वभावही लोकांना कळू लागला. १९०६ मध्ये त्यांनी आठ तासांचा कामाचा दिवस लागू केला. इतर कारखानदार त्यांना लाल बॉश म्हणू लागले. तरी १९१३ मध्ये त्यांच्याच कारखान्यात संप झाला, आणि त्याचे शल्य त्यांना राहिले. जमिनीवर पडलेली टाचणीही वाया जाऊ न देणाऱ्या या माणसाने पहिल्या महायुद्धातील नफ्यातून कोट्यवधी मार्क सार्वजनिक कामांना दिले. त्यात नेकर नदीवरील कालव्याचे कामही होते. १९२१ मध्ये त्यांचा मुलगा दीर्घ आजारानंतर गेला.

नाझी काळातले चित्र गुंतागुंतीचे आहे. बॉश यांना ती राजवट मुळीच मान्य नव्हती. ज्यूंना देश सोडण्यासाठी कंपनीने पैसा पुरविला, हिटलरविरोधी कार्ल गोएर्डेलर यांना आश्रय दिला. त्याच वेळी युद्धसामग्रीचे कंत्राट कंपनीकडे होते आणि सक्तीच्या मजुरांकडून तेथे काम करवून घेतले जात होते. दोन्ही गोष्टी एकाच छताखाली घडल्या. १२ मार्च १९४२ रोजी बॉश यांचे निधन झाले, तेव्हा ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता तिनेच त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला.

बॉशचा माल विक्रीसाठी भारतात १९२२ मध्ये आला होता. कारखाना मात्र त्यांच्या पश्चात, १९५१ मध्ये बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी या नावाने उभा राहिला, तीच मायको. पुढे नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत तिचा मोठा कारखाना आला आणि डिझेल इंजिनांची नोझल व इंजेक्टर तेथे बनू लागले. २००८ मध्ये कंपनीने मायको हे नाव सोडून बॉश हे नाव घेतले. जुन्या गाड्यांच्या मेकॅनिकांच्या तोंडी मात्र मायकोचा प्लग त्यानंतरही टिकून राहिला.