शेवाळवेडा रिचर्ड स्प्रूस

आमच्या व्हायवात एक प्रश्न ठरलेला असतो: याचं ॲप्लिकेशन काय? उत्तर आलं नाही की मार्क गेलेच म्हणून समजा. मागच्या पावसाळ्यात मला मलेरिया झाला. तेव्हा पडल्या पडल्या क्विनाइनचा इतिहास वाचत होते आणि त्यात मला एक माणूस भेटला, जो या प्रश्नाला आधी सपशेल नापास झाला असता.

रिचर्ड स्प्रूसचा जन्म १८१७ साली इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा, गँथॉर्प गावचा. वडील शाळामास्तर. सोळाव्या वर्षी त्याने गावाच्या आसपासच्या ४०३ वनस्पतींची यादी केली. पुढे यॉर्कच्या शाळेत गणित शिकवू लागला, पण तब्येत तोळामासा आणि लक्ष सगळं मॉस आणि लिव्हरवर्टकडे. आपण या दोघांना आणि डबक्यातल्या हिरव्या तवंगालाही सरसकट शेवाळच म्हणतो! फूल नाही, बी नाही, उंची बहुतेक वेळा नखाएवढी. ओळखायचं तर गुडघे टेकून भिंग डोळ्याला लावायचं. पानं देठाभोवती चहूबाजूंनी असतील तर बहुधा मॉस, दोन ओळींत चपटी बसली असतील तर बहुधा लिव्हरवर्ट. मग चिमूटभर कागदाच्या पुडीत ठेवायचं आणि वर लिहायचं: जागा, तारीख, उंची, दगडावर मिळालं की सालीवर. वाळलं तरी बिघडत नाही. खूप दिवसांनी पाण्यात टाकलं तरी पानं परत उलगडतात.

टीसडेलच्या खोऱ्यातून तोपर्यंत फक्त चार मॉसची नोंद होती. स्प्रूसने ती १६७ वर नेली, शिवाय ४१ लिव्हरवर्ट. ती तिथे आधीपासून होतीच, कोणी वाकून बघितलं नव्हतं एवढंच.

१८४९ मध्ये तो ॲमेझॉनला गेला आणि पंधरा वर्षं तिकडेच राहिला. खर्च भागवायला मोठ्या झाडांचे नमुने गोळा करून इंग्लंडला पाठवायचा, पण मॉस दिसलं की होडी थांबलीच. १८५४ मध्ये ओरिनोको नदीकाठी मलेरियाने त्याला इतकं झोडपलं की त्याची शुश्रूषा करणारी बाई तो मरायची वाट बघत बसली होती म्हणे. (माझ्या रूममेट्स बऱ्याच चांगल्या!) १८५७ मध्ये इक्वेडोरच्या कानेलोसच्या जंगलात नद्यांना पूर आला, सामान टाकून द्यावं लागलं, बरोबरचे लोक वैतागले. हा मात्र भिजलेल्या झाडांवरची मॉस बघून खूष.

मग आलं ॲप्लिकेशन. ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानात सिंकोना लावायचा होता, कारण क्विनाइन त्याच्याच सालीतून मिळायचं. (आपल्यापेक्षा गोऱ्या फौजेची काळजी जास्त, हे उघड आहे.) तांबड्या सालीच्या सिंकोनाचं काम स्प्रूसकडे आलं. एप्रिल १८६० मध्ये एका सकाळी त्याची पाठ आणि पाय लुळे पडले. तरी त्याच वर्षी तो चिंबोराझोच्या पश्चिम उतारावर गेला. सुमारे लाखभर बिया वाळवल्या, माळी रॉबर्ट क्रॉसबरोबर ६३७ रोपं तराफ्यावरून ग्वायाकिलला उतरवली. त्यातून निलगिरीत, उटकमंडला सिंकोनाचे मळे उभे राहिले. पुढे जावामधल्या दुसऱ्या जातीत क्विनाइन कितीतरी जास्त निघालं आणि बाजार तिकडे गेला, तो भाग वेगळा.

१८६१ मध्ये ग्वायाकिलची पेढी बुडाली आणि त्याची जमापुंजी गेली. १८६४ मध्ये तो मायदेशी परतला. १८६५ मध्ये वर्षाला पन्नास पौंड पेन्शन मिळालं, आणखी पन्नास हिंदुस्थान सरकारकडून १८७७ मध्ये. ते सिंकोनाचं. लिव्हरवर्टसाठी कोण देणार?

आणि एवढ्या पैशांत त्याने काय केलं, तर कोनिस्थॉर्पच्या एका छोट्याशा घरात तो लिव्हरवर्टच्या पुड्या उघडत बसला. बसला म्हणजे खरं तर पडला, कारण ताठ बसवतच नव्हतं. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा तो काही मिनिटं, की पुन्हा आडवं. असं करत १८८४-८५ मध्ये ॲमेझॉन आणि अँडीजच्या लिव्हरवर्टवरचा त्याचा ग्रंथ छापून झाला. त्यात सुमारे सातशे जाती आहेत, पैकी शेकडो तोपर्यंत कोणी नोंदवलेल्याच नव्हत्या. २८ डिसेंबर १८९३ ला तो गेला.

बरी झाल्यावर हॉस्टेलच्या मागच्या भिंतीवरचा एक हिरवा तुकडा मी पुडीत बांधून ठेवलाय. पानं दोन ओळींत आहेत. जागा आणि तारीख लिहिली आहे, नाव अजून सापडायचंय.