मेकॅनोचा जनक

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लिव्हरपूल नावाचे मोठे बंदर आहे. तेथे १५ मे १८६३ रोजी फ्रँक हॉर्नबीचा जन्म झाला. त्याचे वडील खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. सोळाव्या वर्षी फ्रँकने शाळा सोडली आणि पुढे तो वडिलांच्या पेढीवर रोख रकमेचा हिशेब पाहू लागला. यंत्रविद्येचे शिक्षण त्याला कोठेही मिळाले नव्हते. परंतु स्वतःच्या हातांनी वस्तू घडविण्याची त्याला विलक्षण आवड होती.

१८९९ साली वडील निवर्तले व पेढी बंद झाली. तेव्हा मांसाची आयात करणाऱ्या डेव्हिड एलियट या व्यापाऱ्याकडे फ्रँकने हिशेबनिसाची नोकरी पत्करली. फावल्या वेळात तो रोलंड आणि डग्लस या आपल्या मुलांसाठी पत्र्याची खेळणी करी. पूल, गाडी, यारी असे नाना नमुने त्याने तयार केले. पण प्रत्येक नमुन्यासाठी निराळे भाग कापावे लागत. यारीचा भाग पुलाला उपयोगी पडत नसे. एकाच भागांतून सारे नमुने उभे करता येतील काय, या विचाराने त्याला पछाडले.

उत्तर सापडले ते अगदी साधे होते. त्याने अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांना अर्ध्या अर्ध्या इंचावर सारखी छिद्रे पाडली. आता कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला नट-बोल्टने जोडता येई. छिद्रांतून दांडा घालून त्यावर चाक बसविता येई. खेळून झाल्यावर सारे सुटे करून त्यांतूनच नवे यंत्र रचता येई.

या कल्पनेचे पेटंट घ्यावयाचे, तर पैसा हवा होता. हिशेबनिसाजवळ तो कोठून असणार? त्याने मालकाकडून ५ पौंड उसने घेतले आणि १९०१ साली पेटंट मिळविले. एलियटने भागीदारीही दिली. पण आरंभी या उद्योगात नफा होईना. लिव्हरपूल येथील यंत्रविद्येचे प्राध्यापक हील-शॉ यांनी मात्र त्या खेळण्याची वाखाणणी केली. फ्रँक खचला नाही. १९०७ साली त्याने आपल्या खेळण्याला ‘मेकॅनो’ हे नाव दिले, नोकरी सोडली आणि भाड्याच्या जागेत स्वतःच भाग तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे १९१४ साली बिन्स रोडवर त्याचा मोठा कारखाना उभा राहिला.

मुलांसाठी जन्मलेले हे साधन पुढे विद्वानांच्याही कामी आले. मँचेस्टर विद्यापीठातील डग्लस हार्ट्री यांना अणूच्या रचनेसंबंधी अतिशय किचकट गणिते सोडवावयाची होती. अशी गणिते करणारे एक प्रचंड यंत्र अमेरिकेत होते. तसे बांधावयाचे तर खर्च फार. म्हणून १९३४ साली हार्ट्री व त्यांचा विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी प्रथम मेकॅनोच्या भागांतून त्याची लहान प्रतिकृती रचली. तिच्यात फिरत्या तबकडीवर एक छोटे चाक टेकलेले असे. चाक मध्यापासून जितके दूर, तितके ते अधिक वेगाने फिरे; आणि त्याच्या फेऱ्यांवरून क्षणोक्षणी बदलणाऱ्या राशींची बेरीज आपोआप होई. उत्तरे अगदी काटेकोर नसली, तरी उपयोगी पडण्याइतकी बरोबर येत. अल्प खर्चात कल्पनेची पारख झाली, आणि मगच विद्यापीठात पूर्ण आकाराचे मोठे यंत्र उभारले गेले.

२१ सप्टेंबर १९३६ रोजी फ्रँक हॉर्नबीचे निधन झाले. बिन्स रोडचा कारखानाही १९७९ साली बंद पडला. परंतु मेकॅनोच्या भागांनी घडविलेल्या त्या गणितयंत्राचा काही भाग लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने जतन केला आहे. दोन मुलांच्या खेळासाठी पाडलेली ती छिद्रे शास्त्रज्ञांच्या केवढ्या कामी आली, याची तो साक्ष देतो.