र. धों. कर्वे : नोकरी गेली, खटले हरले, पण काम थांबवलं नाही

आज सरकारी दवाखान्यात गरोदरपणाची चाचणी करता येते, निरोध आणि गर्भनिरोधक गोळ्याही मिळतात. शंभर वर्षांपूर्वी मात्र याविषयी बोलणंसुद्धा पाप मानलं जायचं. अशा काळात गणिताच्या एका प्राध्यापकाने मुंबईत संततिनियमन केंद्र उघडलं.

ते होते रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८२. सततच्या बाळंतपणांनी बायकांची शरीरं झिजतात, हे त्यांना दिसत होतं. म्हणून १९२१ मध्ये त्यांनी हे केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं होतं.

विल्सन कॉलेजला हे रुचलं नाही. कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई मात्र पाठीशी उभ्या राहिल्या.

१९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. गुप्तरोगांपासून हस्तमैथुनापर्यंत, डॉक्टरला विचारायचीही लाज वाटावी अशा प्रश्नांना त्यात सरळ उत्तरं मिळायची. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावा लागला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. निकाल विरोधात गेला.

तरीही १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कर्वे मासिक चालवत राहिले. दवाखान्यात असा प्रश्न विचारताना आजही जीभ अडखळते. कर्व्यांची लढाई त्या अडखळण्याशीच होती.