विल्यम हर्शेल : युरेनसपासून कडब्यापर्यंत

सरकी पेंड असो, मक्याचा मुरघास असो वा ज्वारीचा कडबा. त्यात प्रथिने किती आणि जनावराला पचेल असा भाग किती, हे वरवर पाहून कळत नाही. अनुभवी गोपालक रंग, वास आणि स्पर्श यांवरून अंदाज बांधतो. हा अंदाज चुकला तर त्याची किंमत दुधात मोजावी लागते. रासायनिक तपासणीत हे सारे कळते, पण तिला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. त्यामुळे मोठ्या पशुखाद्य कारखान्यांत आता दळलेला नमुना लहानशा वाटीत भरून यंत्रात ठेवतात आणि एक-दोन मिनिटांत आकडे हाती येतात. यंत्र नमुन्यावर प्रकाश टाकते आणि परतून आलेला प्रकाश मोजते, इतकेच. मात्र हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. तो पहिल्यांदा ज्यांच्या ध्यानात आला ते विल्यम हर्शेल जगाला युरेनसचे शोधक म्हणून परिचित आहेत. व्यवसायाने ते मूळचे संगीतकार होते.

हर्शेल यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. वडील लष्करी बँडमध्ये ओबो वाजवीत. मुलगाही त्याच बँडमध्ये दाखल झाला. १७५७ मध्ये युद्धाच्या धामधुमीत तो इंग्लंडला निघून गेला आणि संगीताच्या शिकवण्यांवर गुजराण करू लागला. पुढे १७६६ मध्ये बाथ शहरातील ऑक्टॅगन चॅपेलमध्ये ऑर्गनवादकाचे पद मिळाले. चोवीस सिंफनी त्यांच्या नावावर आहेत.

पस्तिशीच्या सुमारास त्यांना आकाशाचे वेड लागले. हवी तशी दुर्बीण विकत घेणे परवडेना, तेव्हा त्यांनी आरसे घरीच ओतण्यास व घासण्यास आरंभ केला. धाकटी बहीण कॅरोलिन १७७२ मध्ये त्यांच्याकडे राहावयास आली होती. ओतकामाच्या साच्यांसाठी घोड्याची लीद कुटून चाळण्याचे काम तिच्या वाट्याला आले. आरशाला झिलई देताना भावाला हात थांबविता येत नसत, तेव्हा ती त्याला घास भरवी. एकदा वितळलेला धातू भट्टीतून बाहेर आला, दगडी फरशीचे तुकडे उडाले आणि सर्वांना जीव घेऊन पळावे लागले. याच घराच्या बागेतून १३ मार्च १७८१ रोजी हर्शेल यांना युरेनस दिसला. तिसऱ्या जॉर्ज राजाने त्यांना वर्षाला २०० पौंडांचे वेतन दिले आणि संगीताचा व्यवसाय सुटला. यानंतर स्लाव येथे त्यांनी उभारलेली चाळीस फुटी दुर्बीण, शनी व युरेनस यांचे उपग्रह, अडीच हजार तेजोमेघ व तारकागुच्छ यांची सूची हा सारा इतिहास खगोलप्रेमींना ठाऊक आहे.

चाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष आहे १८००. सूर्याचे निरीक्षण करताना डोळ्यांच्या रक्षणासाठी हर्शेल निरनिराळ्या रंगांच्या काचा वापरीत. काही काचांतून उजेड थोडा येई, पण डोळ्याला उष्णता जाणवे. काहींतून उजेड भरपूर येई आणि उष्णता जवळपास नसे. मग रंगागणिक उष्णता वेगळी असते काय, हे मोजून पाहण्याचे त्यांनी ठरविले. लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडून त्यांनी एका तापमापकाचा काळा केलेला गोळा एकेका रंगात ठेवला. तुलनेसाठी आणखी दोन तापमापक पट्ट्याबाहेर ठेवले. पारा जांभळ्या रंगात सरासरी २ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात ३.२५ आणि तांबड्यात जवळपास ७. यानंतर तापमापक तांबड्याच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते अशा जागी नेला, तर पारा आणखी चढला. सूर्याकडून अदृश्य किरणही येतात, हे प्रथमच सिद्ध झाले. अवरक्त हे नाव त्यांना पुढे मिळाले.

साधी काच लांब लहरींचे अवरक्त किरण अडविते. तांबड्याला लागून असलेले तेवढे आरपार जाऊ देते. म्हणजे त्या टेबलावर हर्शेल यांनी जो भाग मोजला, नेमका तोच भाग चाऱ्याच्या तपासणीत आज वापरला जातो. शास्त्रज्ञ त्याला निकट-अवरक्त म्हणतात.

या शोधाचा अर्थ लावताना मात्र हर्शेल यांची वाट चुकली. त्याच वर्षीच्या पुढील प्रयोगांनंतर प्रकाश आणि उष्णतेचे किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मत त्यांनी मांडले. सूर्यावर वस्ती असावी, असेही त्यांना वाटे. १८०१ मध्ये तर सौरडाग आणि गहू यांचा संबंध त्यांनी जोडला. पिकांच्या नोंदी हाती नसल्याने ॲडम स्मिथ यांच्या ग्रंथातील गव्हाचे भाव घेतले आणि डाग कमी असलेल्या पाच कालखंडांत गहू महाग होता, असे दाखविले. त्यांची टिंगल झाली आणि तो संबंध पुढेही ठामपणे सिद्ध होऊ शकला नाही. पण सूर्यप्रकाशाकडे पाहताना दाण्याचा विचार करणारा हा खगोलशास्त्रज्ञ होता, याची नोंद घ्यावयास हवी. २५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लाव येथे त्यांचे निधन झाले.

अदृश्य किरणांचा चाऱ्याशी संबंध जुळण्यास दीडशेहून अधिक वर्षे गेली. १८८१ मध्ये ॲबनी आणि फेस्टिंग यांनी सेंद्रिय द्रव हे किरण कसे शोषतात, याची छायाचित्रे घेतली. पाणी, प्रथिने, मेद, तंतू यांच्या रेणूंत हायड्रोजन हा ऑक्सिजन, नायट्रोजन वा कार्बन यांना जोडलेला असतो आणि प्रत्येक जोड आपापल्या लहरी शोषून घेतो. अडचण अशी, की या खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करण्याचे गणित संगणक आल्यावरच जमले. अमेरिकेच्या कृषी खात्यातील बेल्ट्सव्हिल येथील अभियंते कार्ल नॉरिस यांनी आधी अंडी व धान्य यांवर काम केले आणि १९७६ मध्ये बार्न्स, मूर व शेंक यांच्यासह वैरणीची प्रत अवरक्त किरणांनी सांगता येते, हे दाखवून दिले.

हे यंत्र आपण होऊन काहीच जाणत नाही. आधी शेकडो नमुन्यांची रासायनिक तपासणी करून ते आकडे त्याला शिकवावे लागतात. हर्शेल यांनी पट्ट्याबाहेर ठेवलेल्या दोन तापमापकांचे काम येथे हे नमुने करतात. एका भागातील मुरघासावर शिकलेले यंत्र दुसरीकडच्या कडब्यावर तसेच चालविले, तर आकडा दिसतो, पण त्यावर विसंबता येत नाही. खाद्यातील क्षार तर या किरणांना थेट दिसतच नाहीत. दुसरीकडे, १८८३ पासून चालत आलेली केल्डाल पद्धतही फसू शकते. ती केवळ नायट्रोजन मोजते. त्यामुळे पेंडीत युरिया मिसळला असेल तर प्रथिने जास्त दिसतात. हे यंत्र विकणारे आणि खाद्य विकणारे यांपैकी पहिली गोष्ट पहिले आणि दुसरी गोष्ट दुसरे सहसा सांगत नाहीत.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅटच्या आवारात आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने ज्वारीच्या वाणांचा कडबा याच पद्धतीने तपासला. दाणा चांगला देणाऱ्या वाणांमधून कडबाही पचण्यास चांगला असलेले वाण निवडावयाचे, तर एवढ्या नमुन्यांची रासायनिक तपासणी आवाक्याबाहेरची होती. हैदराबादच्या बाजारात अधिक पचणाऱ्या कडब्याला गिऱ्हाईक जास्त भाव देते, असेही तेथील संशोधकांना आढळले. पचनीयतेचा आकडा त्या गिऱ्हाइकांपुढे नव्हता. ते कडबा हातात घेऊन पाहत होते.